सगळे गुण बुद्धीला

आमचा पहिला मांत्रिक आम्ही दोघा भावांनी मिळून बिघडवला. कॉम्प्युटरवरच्या एका खेळातला मांत्रिक. तो बिघडलाय हे आम्हाला बरंच उशिरा कळलं, कारण तो चालत होता, बोलत होता, छोट्यामोठ्या लांडग्यांना मारतही होता. आम्ही दोघंही त्याच्यावर खूश होतो.

हे सगळं सुरू झालं ते माझा थोरला भाऊ कडब्याच्या गंजीवरून घसरला म्हणून. तो सिरसाळ्याला असतो, शेती करतो. मी गेवराईला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. त्याची नडगी मोडली, प्लेट बसवावी लागली, वरून प्लास्टर घातलं, आणि ऑपरेशननंतर मी त्याला माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी त्याच्यासमोरच मला बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत हा पाय जमिनीला लागता कामा नये. भार पडला तर प्लेट वाकेल, पाय आखूड होईल. मग पुन्हा उघडावा लागेल, आणि ह्या वयात परत तसाच जुळेल असं मी सांगत नाही."

दादानं मान डोलावली. डॉक्टर बाहेर गेल्यावर म्हणाला, "कापूस फुटलाय, मास्तर. हे डॉक्टरला कुणी सांगितलं न्हाई का?"

तो मला लहानपणापासून मास्तर म्हणतो. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून.

त्याच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या आहेत. गावाकडं वहिनी एकट्या, दोन जनावरं, आणि शेतात पांढराशुभ्र उभा कापूस. आमच्या पुढच्या खोलीतल्या कॉटवर पाय उशीवर ठेवून पडलेला माणूस दिवसभर भिंतीकडं बघत मनातल्या मनात तो कापूस वेचत असायचा. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवला की म्हणायचा, "मला सोड गावाकडं." आणि मी काहीतरी पुटपुटून पेपर उघडायचो. 'नाही' म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं.

का नव्हतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे वडील मजुरी करायचे. जमीन होती ती एवढीशी. दोघांनाही शिकवणं त्यांना जमणार नव्हतं. शिक्षणाचं महत्त्व त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या वस्तीत ते विहारातल्या प्रत्येक बैठकीत सांगितलं जायचं. पण पोरं दोन होती. मला लहानपणी दमा होता. एका संध्याकाळी वडील आईला म्हणाले, "बारक्याच्या अंगात दम न्हाई, त्याला शाळेत ठेवू. थोरला कामाला हाय." मी दाराआडून ऐकलं. दादाही तिथंच होता, बैलाला पाणी दाखवत. पुढं मी वसतिगृहात राहिलो, पदवी घेतली, नोकरी लागली. आणि तेव्हापासून त्याच्यासमोर बसलो की माझी नजर आपोआप त्याच्या हातांवर जाते आणि मी माझे हात मांडीखाली घेतो. ही सवय माझ्या बायकोनं मला दाखवून दिली. मला माहीतच नव्हती.

तर खेळाची सूचना मुलीची. ती पुण्याला नोकरी करते. फोनवर म्हणाली, "पप्पा, माझा जुना कॉम्प्युटर मोठ्या पप्पांच्या खोलीत लावा. त्यावर माझा खेळ आहे. तलवारी, राक्षस, किल्ले. ते हिंडणारे आहेत, त्यांना हिंडायला काहीतरी द्या."

मला वाटलं, दादा एक दिवस बघेल आणि कंटाळेल. मला स्वतःला मात्र कुतूहल वाटलं, ते मान्य करतो. पोरगी शाळेत असताना ह्याच खेळावरून मी तिला कितीदा रागावलो होतो. एवढं काय असतं त्यात ते कधी विचारलं नव्हतं.

खेळ सुरू झाला की आधी आपला माणूस निवडायचा असतो. योद्धा, चोर, तिरंदाज, मांत्रिक. प्रत्येकाच्या अंगात बळ किती, चपळाई किती, तब्येत कशी, बुद्धी किती, हे आकड्यांत लिहिलेलं असतं, आणि आपल्याला काही गुण मिळतात, ते वाटेल तिथं टाकायचे. पुढं जसजसा तो शिकत जाईल तसतसे आणखी गुण मिळतात. मी एकेकावर बोट ठेवत दादाला मराठीत सांगत होतो. लांब झगा घातलेल्या, हातात काठी घेतलेल्या किडकिडीत म्हाताऱ्यापाशी थांबलो.

"ह्यो कोण?"

"मांत्रिक."

दादा उशीवरून उठून बसला. "मंजी भगत?"

"तसला नाही रे…"

"बंद कर. आपल्या घरात हे चालत न्हाई. जादूटोणा, गंडादोरा, काय शिकलास बे तू?"

त्याचा राग खोटा नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की सगळ्यात आधी पाण्याची कळशी घेऊन पोचणारा हा माणूस. एका भगताला त्यानं भर चौकात विचारलं होतं, एवढी विद्या आहे तर तुझ्या गाडीचं पंक्चर मंत्रानं का काढत नाहीस. आणि त्याच्या धाकट्या भावानं, रसायनशास्त्राच्या मास्तरनं, त्याच्या कॉटसमोर मांत्रिक उभा केला होता.

मी मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मोठे पप्पा, ह्याच्या अंगातबिंगात काही येत नाही," ती म्हणाली. "तो पुस्तकं वाचून शिकतो. जेवढी बुद्धी जास्त तेवढा त्याचा मारा जास्त. अभ्यास कमी पडला तर मरतो."

"देव प्रसन्न होत न्हाई त्याला?"

"नाही."

"बकरं मागत न्हाई?"

"नाही ओ!"

दादा पडद्याकडं बघत राहिला. "मंजी मास्तर हाय ह्यो."

"हो, मास्तरच समजा."

"मग तसं सांगावं की. लाव."

पहिल्या मांत्रिकाला आम्ही असं बनवलं. दादा म्हणाला, काठी धरायला तरी मनगटात बळ पाहिजे, बळ दे. मी म्हणालो, पळायला चपळाई हवी. तब्येत तर हवीच. माझा दमा मला आठवत होता. शेवटी मी सगळीकडं सारखे गुण वाटून टाकले. मला ते फार न्यायाचं वाटलं. कुणावर अन्याय नको. प्रत्येक वेळी नवे गुण आले की मी तसंच करायचो, बळाला एक, चपळाईला एक, तब्येतीला एक, बुद्धीला एक, जणू पंगतीत वाढतोय. दादानं त्याला लोखंडी चिलखत घ्यायला लावलं, कारण झग्यातला माणूस त्याला बघवत नव्हता. त्या चिलखतात मांत्रिकाचे अर्धे मंत्र फुकट जायचे. तसं पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलंही होतं. मी ते वाचलं होतं, पण दादाला म्हणालो नाही.

दुसरी गोष्ट निळ्या पट्टीची. मांत्रिकाच्या डोक्यावर एक निळी पट्टी असते. मंत्र टाकला की ती थोडी उतरते, रिकामी झाली की तो नुसता काठीनं मारत बसतो. ती भरायला निळ्या औषधाच्या बाटल्या असतात, त्या वाटेत सापडतात. आता तुम्ही आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला विचारा, एक भरलेली वस्तू दिली आणि पुढची कधी येईल ते सांगितलं नाही तर तो काय करेल. आमच्या घरी नळाला पाणी येतं तेव्हा बायको पातेली, बादल्या, पिंप, रिकामे डबे सगळं भरून घेते, आणि मग पुढचं पाणी येईपर्यंत पिंपाला हात लावला तर माझ्यावर ओरडते. आम्ही दोघं तसेच वाढलेले. मांत्रिकानं मंत्र टाकायची वेळ आली की दादा म्हणायचा, "ठेव, पुढं लागंल." मी ठेवायचो. बाटली सापडली की दादा म्हणायचा, "टाक पिशवीत." मी टाकायचो. आमचा मांत्रिक लोखंड घालून, काठीनं लांडगे झोडपत हिंडायचा, आणि पाठीवर औषधाची भरगच्च पिशवी.

एका जुन्या थडग्यात तीन सांगाडे आले आणि त्याला मारून गेले. पुन्हा गेलो, पुन्हा मेला. कितीदा गेलो सांगत नाही. शेवटी मुलीला व्हिडिओ कॉल करून पडदा दाखवला. ती हसायला लागली ती थांबेना.

"पप्पा, ह्या बाटल्या कशासाठी जमवल्या?"

"पुढं लागतील म्हणून."

"मेल्यावर? आणि हे काय, मांत्रिकाला एवढं बळ? चिलखत? हा काय उसाला कोयता मारणार आहे का?"

"सगळं थोडं थोडं असावं," मी म्हणालो.

"नसावं! तुम्ही चार अर्धवट माणसं एकात कोंबलीत. त्याला अंगाचं बळ नकोच आहे. सगळे गुण बुद्धीला टाका. तब्येतीला अगदी जगण्यापुरते. आणि मंत्रही दहा प्रकारचे शिकू नका, आधी एक आग नीट शिका. ती पुढं गेली की बर्फ. आगीनं न मरणारे येतात त्यांच्यासाठी."

"आन् कुणी अंगावर आला तर?" दादानं विचारलं. "ह्याला तर एका फटक्यात लोळवतील."

"म्हणून त्याच्यापुढं एक योद्धा ठेवायचा, मोठे पप्पा. खेळातल्या धर्मशाळेत भाड्यानं मिळतो. तो मार खातो, मांत्रिक मागून मारतो. मांत्रिक कधी पुढं जात नाही."

हे ऐकताना मी दादाकडं बघितलं नाही. पडद्याकडं बघत बसलो.

दादाला वेगळीच काळजी होती. "आन् ह्या पहिल्याचं काय करायचं?"

"सोडून द्या. नवा बनवा."

"मारून टाकायचं?"

"नाही ओ, राहील तो तिथंच, थडग्याच्या दारात."

"राहू दे मग. औषध हाय त्याच्याकडं भरपूर."

दुसरा मांत्रिक बनवताना मला खरी गंमत वाटायला लागली. माझी दिवाळीची सुट्टी होती. दुपारी जेवणं झाली की आम्ही बसायचो; मी खुर्चीवर, दादा कॉटवर, मधे त्याचा प्लास्टरचा पाय तोफेसारखा पडद्यावर रोखलेला. मी प्रयोगशाळेत पोरांना सांगतो तसं करून बघायला लागलो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच सांगाडा, तीच जागा, आधी आग, मग बर्फ. आगीनं जास्त लागतं, पण बर्फानं तो जागच्या जागी गोठतो आणि गोठलेल्यावर पुढचा वार दुप्पट बसतो. म्हणजे आधी बर्फ, मग आग. तेल सांडलेल्या फरशीवर आग टाकली तर ती पसरते. पाण्यात उभा असलेला लवकर गोठतो. अरुंद दारात उभं राहिलं तर पाच जण एकदम अंगावर येत नाहीत. हे सगळं कुणीतरी कुठंतरी बसून विचार करून ठेवलंय, आणि ते आपण एकेक करून शोधून काढतो, ह्याचं मला फार आश्चर्य वाटायचं. मी बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगायचो, बर्फ आधी टाकायचा. ती म्हणायची, "बरं. कोथिंबीर आणा."

दादाही रमला. बाटल्या वापरायला त्याला जड जायचं, प्रत्येक बाटलीला तो "गेली" म्हणायचा, पण म्हणायचा आणि वापरू द्यायचा. योद्ध्याला त्यानं गडी म्हणायला सुरुवात केली. गड्याला चांगली ढाल मिळाली की खूश व्हायचा. "मला सोड गावाकडं" हे वाक्य सकाळच्या चहावरून दुपारी वीज जायची त्या वेळेवर सरकलं, आणि मग मधेमधे एखादा दिवस आलंच नाही. मी मनात म्हणायचो, मी त्याला फसवतोय. थोरल्या भावाला खुळखुळा देऊन गप्प बसवतोय. पण पाय उशीवर होता.

मग दगडी राक्षस आला. एका बुरुजाच्या दारात उभा, गड्याच्या तिप्पट. त्याच्यापुढं आम्ही सारखे हरायला लागलो, आणि ह्या वेळी मांत्रिकात काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती, पण ती मला दिसत नव्हती.

त्याच दिवसांत एका सकाळी बायको मला मागच्या अंगणात घेऊन गेली. हळूच म्हणाली, "दादा मघाशी मोरीपाशी दोन पायांवर उभे होते. भिंत धरून. मला बघून पाय उचलला." मग म्हणाली, "आणि जीपवाल्याला फोन करून बोलावलंय त्यांनी, परवा सकाळी. मी ऐकलं. तुम्ही बोला."

"बोलतो," मी म्हणालो.

बोललो नाही. जेवण झालं आणि खेळ लावून बसलो. परवा सकाळी जीप येणार, तो गावाला जाणार, तिथं पाय टेकवणार, शेतात चिखलात काठी घसरणार, आणि प्लेट वाकणार. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. आणि मी बर्फ टाकत होतो.

राक्षस गड्याला एक ठोसा मारायचा, गड्याची लाल पट्टी खाली यायची, मी लगेच बरं करायचा मंत्र त्याच्यावर टाकायचो. निळी पट्टी उतरायची. पुन्हा ठोसा, पुन्हा मंत्र. आगीला काही उरायचंच नाही. थोड्या वेळानं दोघंही मेले.

"मास्तर," दादा मागून म्हणाला, "त्याच्यावर कावून घालवायलास सगळं?"

"तो मरतोय ना."

"मरू दे की. त्या दिशी फोनवर पोरगी काय म्हणली, पडला तर लढाई संपल्यावर उठतो. तुझं काम जाळ टाकायचं. तू निस्ता त्याला पट्ट्या बांधत बसलास तर राक्षस कोण मारणार, मी?"

मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा ठोसा बसला आणि माझा हात पुन्हा त्याच मंत्रावर गेला. मी बघत होतो, थांबवता आला नाही.

"बघ, बघ! परत तेच!" दादा हसायला लागला. "लई दया आलीय तुला गड्याची. तो काय तुझा भाऊ हाय का?"

तो सहज बोलला होता. मी माऊस सोडून दिला. राक्षस पडद्यावर आमच्या माणसांना मारत राहिला. मी मागं न बघता विचारलं, कारण समोर बघून मला ते कधीच विचारता आलं नसतं, "दादा, मला शाळेत ठेवलं आणि तुला काढलं, तेव्हा तुला वाईट वाटलं होतं का?"

इतकी वर्षं हा प्रश्न मी मनात विचारला होता, आणि प्रत्येक वेळी तो मनात 'नाही रे' म्हणाला होता. मला तेच ऐकायचं होतं. त्यासाठीच विचारलं होतं, हे आता कबूल करतो.

"वाटलं की," दादा म्हणाला. "कावून न्हाई वाटणार? मी शाळेत तुझ्यापेक्षा हुशार होतो. गणितात तर लईच. तू होस्टेलला गेलतास ना, तेव्हा दोन वर्सं मी तुझ्यासंगं नीट बोललो न्हाई. तुला कळलं का न्हाई कुणास ठाऊक."

मला कळलं नव्हतं. मला वाटलं होतं तो कामात असतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय मग. मग लग्न झालं, पोरी झाल्या, इसरलो. अधनंमधनं आठवतं. बापाचं चुकलं आसं बी न्हाई. एकालाच घालता येत होतं तर एकालाच घातलं. ह्या तुझ्या पहिल्या मांत्रिकावानी दोघांत आर्धं आर्धं केलं असतं तर दोघंबी थडग्यात बसलो असतो. पण एक सांगू का? तू घरी आला की असा बसतो, हात मांडीखाली घालून, पाहुण्यावानी. मी म्हणलं ते हो, मी म्हणलं ते हो. पस्तीस वर्सं झाली. मला शिकलेला भाऊ पाहिजे होता बे. पट्ट्या बांधणारा गडी न्हाई."

मी खुर्ची फिरवली. पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. मी म्हणालो, "परवाची जीप येणार नाही."

तो चमकला. "कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणीतरी. तू जायचं नाही. पाय जमिनीला लावायचा नाही, मोरीपाशीसुद्धा नाही. डॉक्टर सांगेपर्यंत इथंच. हाड कसं जुळतं ते मला माहीत आहे. आता त्याच्यावर नवा मऊ थर चढत असेल, त्याच्यात हळूहळू चुना भरतो तेव्हा ते टणक होतं. तू त्याच्यावर उभा राहिलास तर तो थर फाटेल. मग ह्या जन्मात तू नांगरामागं चालत नाहीस."

माझा आवाज वर्गात असतो तसा निघाला होता. स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

दादा माझ्याकडं बघत राहिला. ह्या वयात धाकट्यानं दम दिला ह्याचा राग यावा की काय करावं, ते त्याला ठरवता येईना. मग म्हणाला, "आन् कापूस?"

"मी जातो."

"तू?" तो इतका जोरात हसला की बायको दारात आली. "ऐकलं का, मास्तर कापूस वेचणार हाय!"

"वेचणाऱ्या बायका लावायच्या, मी उभा राहतो. सुट्टी आहे माझी. मग शनिवार-रविवार जाईन."

"उभा राहून काय करणार?"

"तू फोनवर सांग. मी तसं करतो."

त्यानं उशी नीट केली, पाय तिच्यावर सरकवला. मग म्हणाला, "जीपवाल्याला तूच फोन कर. मला लाज वाटते."

मी सिरसाळ्याला गेलो. ह्या प्रवासाचं फार काही सांगण्यासारखं नाही. मी कापूस वाईट वेचतो. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, आणि दुपारपर्यंत माझ्या कमरेला बांधलेल्या ओटीत जेवढा कापूस तेवढाच पालापाचोळा होता. वहिनींनी तो एकदा हातानं चाळला आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी सावलीत बसा." बायका पदराआड हसल्या. मी बसलो नाही. पण माझी गरज त्यांना वेचायला नव्हतीच. कुठली पट्टी आधी घ्यायची, ओला कापूस कुठं पसरायचा, गाडी कधी सांगायची, ह्यासाठी वहिनींना कुणीतरी सोबत हवं होतं, आणि दादाचा फोन खणखणत होता.

फोनवर दोन कामं एकदम चालायची.

"वरच्या पट्टीतला भिजलाय का?"

"थोडा. वाळत घातलाय."

"उलथापालथ कर दुपारी. आन् ऐक, ह्यो दगडाचा राक्षस. आधी थंड टाकू का जाळ?"

"आधी थंड. पण तो दगडाचा आहे, नुसता कोरडा गोठत नाही. गड्याला मागं घे, त्याला बुरुजापुढच्या विहिरीपाशी ओढ, तिथं पाणी सांडलेलं असतं. पाय भिजले की मग टाक."

"आसं व्हय," तो म्हणाला, आणि फोन चालू ठेवूनच खेळत राहिला. मी कपाशीच्या ओळीत उभा राहून माऊसची टकटक ऐकत होतो. मधेच एक शिवी ऐकू आली. मग बायकोचा आवाज, "दादा, जेवता का?" मग टकटक. मग दादा एकदम ओरडला, "पडला! गडी बी पडला, पण राक्षस पडला आधी!"

"गडी उठला का?"

"उठायलाय. अंग झाडायलाय."

मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. राक्षस मी पाडायला हवा होता. इतके दिवस प्रयोग माझे, आणि शेवट त्याच्या हातून झाला. हे मी त्याला पुढं सांगितलंही. पूर्वी सांगितलं नसतं.

माझी सुट्टी संपली, शनिवार-रविवार जात राहिलो, कापूस घरी आला. दादा त्या काळात टप्पे पार करत खूप पुढं गेला. मी आलो की मागं काय काय झालं ते सांगायचा, आणि बुद्धीला टाकलेल्या गुणांचा हिशेब न चुकता तोंडपाठ सांगायचा. गणितात तो हुशार होता हे मी पहिल्यांदाच बघत होतो. तो एकेका मंत्राचा निळ्या पट्टीवर किती भार पडतो ते मोजून ठेवायचा, आणि लढाई सुरू व्हायच्या आधीच सांगायचा की कुठल्या क्षणी बाटली लागेल. बाटल्या जपायचं त्यानं सोडलं नव्हतं, फक्त आता किती जपायच्या ते त्याला माहीत होतं. मी ऐकत बसायचो. कधीकधी त्याचं चुकायचं आणि मी सांगायचो. तो म्हणायचा, "मास्तर, तू गप." मी गप बसायचो नाही.

शेवटी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली, नडगीवरची पांढरी रेघ बोटानं दाखवली. म्हणाले, जुळलंय. छान जुळलंय. प्लास्टर कापल्यावर आतून निघालेला पाय दादानं हातानं चाचपून बघितला. त्याचा पाय असा कधी नव्हता. बारीक, पांढुरका, कातडी निघालेली, एखाद्या बसून काम करणाऱ्या माणसाचा असावा तसा.

"उतरा," डॉक्टर म्हणाले. "टेकवा आता."

दादा टेबलाच्या कडेला बसला होता, पाय अधांतरी. त्यानं चांगला पाय खाली घेतला. दुसरा घेईना. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "घाबरू नका, टेकवा." दादानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. मोरीपाशी चोरून उभा राहणारा माणूस आता परवानगी मिळाल्यावर घाबरला होता.

"मास्तर," तो म्हणाला. "टेकवू का?"

मी फिल्म हातात घेतली. मला एक्स-रेतलं फारसं कळत नाही. तरी मी ती उजेडासमोर धरून त्या रेघेवरून वर आणि खाली, जेवढं नीट बघता येईल तेवढं बघितलं. घाई केली नाही.

"टेकव," मी म्हणालो.

त्यानं माझा खांदा धरला. आधी टाच लावली, मग हळूहळू पूर्ण पाऊल, आणि त्याच्या अंगाचं वजन माझ्या खांद्यावरून थोडं थोडं कमी होत गेलं.

"थंडगार हाय बे फरशी," तो म्हणाला.